२४ वर्षांनी आलेला अल्बम आणि आपला डीजे

(गावच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा जमेल तिथं तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष महोदय, ग्रंथपाल ताई, पुढं बसलेले काकाजी, मागं उभे असलेले पोट्टे आणि खिडकीबाहेर सायकलवर बसून ऐकणारे दोघं-तिघं, सगळ्यांना नमस्कार. आत या जी, सतरंजीवर जागा आहे.

मला पाऊण तास कबूल केला होता. आधीच्या सरांनी धानावरच्या तुडतुड्याबद्दल बोलता बोलता त्यातला अर्धा खाल्ला. माझी तक्रार नाही. तुडतुड्याचं कामच ते आहे.

पाटीवर ताईंनी सुंदर अक्षरात विषय लिहिला आहे, ‘डीप हाउस संगीत : एका कलावंताचे पुनरागमन’. मघाशी टपरीवर एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘भाऊ, हाउस म्हणजे घरकुलाचं काही आहे का? माझा दुसरा हप्ता अडकला आहे.’ नाही जी. हाउस हा नाचायच्या संगीताचा एक प्रकार आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात वेअरहाउस नावाचा एक क्लब होता, त्याच्यावरून हे नाव पडलं. हप्त्याचं ग्रामसेवकांना विचारा, ते तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसले आहेत.

ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो माणूस लॅरी हर्ड. जन्म शिकागोचा, १९६० चा. मिस्टर फिंगर्स या नावानं तो संगीत काढतो. त्या नावानं त्याचा एक अल्बम १९९४ मध्ये आला आणि त्याच्यानंतरचा थेट २०१८ मध्ये. मध्ये २४ वर्षं. एवढ्यात आपल्याकडं पाळण्यातलं पोट्टं बोहल्यावर चढते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी भरकटणार. मला ओळखणाऱ्यांनी तर घरी सांगूनच ठेवलं असेल की जेवायला उशीर होईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. एवढ्या वर्षांनी परत येताना या माणसानं आवाज वाढवला नाही. आपल्याकडं परत येणारा प्रत्येक जण, मग तो नेता असो, नाटक कंपनी असो का डीजे असो, पहिलं काम करते ते आवाज वाढवायचं. याचा मला राग आहे, आणि तो राग कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मी साउंडवाला, हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या बहुतेक घरच्या लग्नात माझे डबे वाजले आहेत. तर एक लग्न होतं. गाव सांगत नाही, कारण त्या गावचे तिघं इथं आहेत आणि त्यातला एक आत्ताच हसायला लागला. ऑर्डर नवरदेवाच्या मामानं दिली होती. गाडीवर चार बेस, वर चार टॉप, मागं जनरेटर. त्या गल्लीला हे भरपूर झालं. बैलबंडी आली तर माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहावं, एवढीच ती गल्ली. वरात निघाली. पहिलं गाणं अर्धं व्हायच्या आत मामाजी गाडीपाशी आले.

‘भाऊ, आवाज येऊन नाही राहिला.’

म्हटलं, ‘मामाजी, समोरच्या घरावरचं टिन थरथरून राहिलं आहे.’

‘टिन वाजते, छाती नाही वाजत.’

राजेहो, हे वाक्य लिहून घ्या. आपल्याकडच्या सगळ्या डीजेचं शास्त्र या एका वाक्यात आहे. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, वर केला. थोड्या वेळानं मामाजी परत आले, तोवर त्यांच्या पोटात आणखी थोडी गेली होती. ‘पलीकडच्या वॉर्डातल्या वरातीत याच्यापेक्षा जास्त आहे.’ म्हणजे त्याच रात्री गावात दुसरं लग्न, तिथं दुसऱ्याचा डीजे, आणि दोन्ही वराती मारुतीच्या पारापाशी समोरासमोर येणार! ग्रामपंचायतीची निवडणूक परवडली, तिथं निदान मतदानाआधी प्रचार तरी बंद करावा लागतो.

पारापाशी आम्ही आलो तेव्हा माझ्या मिक्सरवरचा लाल दिवा विझायचं नाव घेत नव्हता. तो लाल दिवा काय सांगतो ते पोट्ट्यांनो ऐका, कारण तुमच्यातले दोघं याच धंद्यात पडणार आहेत. ॲम्प्लिफायरच्या ताकदीला एक छत असते. आत येणारी लाट त्या छतापेक्षा उंच झाली की तो लाटेचा शेंडा कापून टाकतो. गोल लाट चपटी होते. त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले कर्कश सूर तयार होतात आणि ते बहुतेक वरच्या टॉपमधल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भागाच्या, वाट्याला जातात. आतलं कॉइल बारीक तारेचं. ते तापते, आणि जळते. जळाल्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला तो वरातीच्या अत्तरातही येतो. मला आला. एक टॉप गेला, मग दुसरा, मग उरलेले दोन. खाली बेस तेवढे चालू. गाणं कोणतं आहे ते आता देवालाही सांगता आलं नसतं. नुसतं धब, धब, धब.

आणि मामाजी धावत आले, मला मिठी मारली. ‘आत्ता आला आवाज!’

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो तर त्याच मामाजींनी दीड हजार कापले. कारण काय? ‘शेवटी शेवटी गाणं ऐकूच येत नव्हतं.’

हसा. मी पण आता हसतो. पण त्या चार डायफ्रामचे पैसे कोणी दिले ते विचारू नका. पंधरा-वीस वर्षांत या धंद्यात माझ्याजवळ अशी गोष्ट एक नाही, पोतंभर आहे. गणपतीच्या मंडळाचे पोट्टे, पोळ्याच्या मिरवणुकीचे मोठे लोक, मंडईची, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या जत्रेची, कमिटी, सगळ्यांची मागणी एकच: वाढव. ‘कमी कर’ म्हणणारा माणूस मला आजवर एकच भेटला, आणि तो हवालदार होता. त्याचंही बरोबर आहे. २००० सालचा ध्वनी प्रदूषणाचा नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. पंचावन्न म्हणजे आत्ता मी माइकशिवाय तुमच्याशी बोललो तर होईल जवळपास तेवढं. आपली वरात या आकड्याच्या आसपासही कधी फिरकली नाही.

बरं, वाढवून मिळते काय ते तरी पाहा. कानाला आवाज दुप्पट झाला असं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. दुप्पट नाही हो, दहापट. एक हजार वॅटवाल्याला मामाजी म्हणाले ‘डबल कर’, म्हणजे दहा हजार. तेवढा जनरेटर मी काय कुंडीत लावू? आणि खालचे सूर म्हणजे लांब लाटा. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर, म्हणजे तेवीस फूट लांब. एवढी लांब लाट गल्लीतल्या भिंतीला जुमानत नाही. वळसा घालून पार मागच्या आळीत जाते. समोर नाचणारा म्हणतो कमी आहे, आणि मागच्या आळीत आजारी म्हातारीची भांडी फळीवरून चालत येतात. तिनं मला बोलावलं होतं का?

(इथं एका काकाजींनी उठून विचारलं की धुमालवाल्यांबद्दल बोलणार का. मी म्हटलं, धुमालवाले माणसं आहेत, दमतात. ऑक्टोपॅडवाल्याचा हात दुखला की तो स्वतःच थांबते. ट्रकवर उभं राहून ते जे वाजवतात त्याच्याबद्दल मला आदर आहे. माझं भांडण न दमणाऱ्या डब्याशी आहे.)

ऑक्टोपॅड निघालाच म्हणून सांगतो. साउंडच्या आधी मी ऑक्टोपॅड वाजवायचो, वडशाच्या नाटक कंपन्यांत. इथल्या नव्या पिढीला वाटते की मी जन्मापासून वायर गुंडाळून राहिलो आहे. भाऊबीज झाली, मंडई सुरू झाली, की होळीपर्यंत रोज रात्री वेगळं गाव. धान कापलेल्या बांधीत मांडव, अंगावर चादरी घेतलेले हजारो लोक, रात्री उशिरा पडदा आणि पहाटेपर्यंत नाटक. आणि मध्ये एखादं नाचगाणं जमलं की ‘वन्स मोअर’! झाडीपट्टीत वन्स मोअर द्यावाच लागते, नाही दिला तर पुढचा प्रवेश कोणी होऊ देत नाही.

एका रात्री एका लावणीला वन्स मोअर मिळाला, मग परत मिळाला, मग परत. मी तरुण होतो, हात शिवशिवत होते. मला वाटलं, लोक कंटाळतील, काहीतरी वेगळं केलं पाहिजे. मी ठेक्यात भर घालायला लागलो. इकडं एक तुकडा, तिकडं एक तिहाई. आमचे ऑर्गनवाले बुजुर्ग होते, मी त्यांना भाऊजी म्हणायचो. त्यांनी वाजवता वाजवता माझ्याकडं न पाहता सांगितलं, ‘तू हलू नको. तू हललास तर मला हलता येत नाही.’

मी हात आवरला. ठेका तोच, एकसारखा. आणि मग भाऊजींनी काय केलं ते मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं. गाण्याची चाल तीच होती, पण खालचे सूर ते दर फेरीला बदलत होते. एका फेरीला भरगच्च, दुसऱ्या फेरीला दोनच सूर धरून ठेवलेले, मग चार मात्रा काहीच नाही. नाचणाऱ्या बाईला ते कळलं, तिनं त्या रिकाम्या चार मात्रांत नुसती मान वळवली. मांडव फुटायचा बाकी राहिला. एवढ्या वन्स मोअरमध्ये कोणी कंटाळलं नाही, कारण प्रत्येक वेळी वेगळं काही घडत होतं आणि ते घडायला एक न हलणारी जागा होती.

आता मला सांगा, डीप हाउसबद्दल लोकांची तक्रार काय असते? आमचे शाळेतले गुरुजी, इथंच आहेत, त्यांना मी मोबाइलवर लॅरी हर्डचं गाणं ऐकवलं. एक मिनिटानं त्यांनी हेडफोन काढून परत दिला. म्हणाले, ‘अरे, तेच ते, तेच ते.’ गुरुजी, रागावू नका, पण आपल्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, रात्रंदिवस, तेच नाव. त्याचे विणेकरी तुम्हीच आहात. सात दिवस तेच नाव घेणाऱ्या गावानं सहा मिनिटांच्या ठेक्याला तेच ते म्हणावं, हे मला पटत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला बसणारे इथं निम्मे लोक आहेत. खंजिरी काय दर ओळीला बदलते? रोवणीच्या बाया चिखलात ओळीनं वाकतात, हात तोच, पाऊल तेच, मागं सरकणं तेच, आणि वर गाणं चाललेलं असते. कंबर मोडते ते खरं, पण हात एका लयीत पडतात म्हणून तर गाण्याला फिरायला मोकळीक मिळते. हर्डचं संगीत मला असंच वाटते. खाली रोवणी, वर गाणं.

आता शिकागो. घाईनं सांगतो. १२ जुलै १९७९, कॉमिस्की पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान. एका रेडिओवाल्यानं जाहीर केलं, डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. हजारो लोक आले. दोन सामन्यांच्या मध्ये त्यानं तबकड्यांनी भरलेली पेटी मैदानात बारूद लावून उडवली. प्रेक्षक मैदानात घुसले, इतका धिंगाणा झाला की दुसरा सामना रद्द करून शिकागोच्या संघाला हरलेलं जाहीर करावं लागलं. डिस्को कोणाचा होता? बहुतेक काळ्या लोकांचा, लॅटिन लोकांचा, समलिंगी लोकांचा. त्यामुळं राग नुसता गाण्यावर नव्हता, हे तेव्हाही अनेकांना कळलं होतं. आपल्याकडं कोणाच्या वस्तीतलं वाद्य कोणाच्या दारापुढून जाऊ द्यायचं नाही यावरून डोकी फुटली आहेत. तेव्हा आपण शिकागोला फार हसू नये.

त्याच शहरात वेअरहाउस १९७७ पासून चालू होता. तिथं फ्रँकी नकल्स हा डीजे रात्र रात्र वाजवायचा. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडं पाठ फिरवल्यावर तिथल्या पोरांनी ठरवलं, आपणच करू. आणि त्यांच्या हाती लागली जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रं. टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ मध्ये आलं आणि दोनेक वर्षांत बंद पडलं, कारण ते खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून कोणी घेईना. बंद पडलं म्हणून जुन्या बाजारात स्वस्त झालं. स्वस्त झालं म्हणून गरिबाच्या पोराला परवडलं. आज जगातल्या अर्ध्या नाचगाण्यांत तो धक्का ऐकू येतो. तुमच्या वरातीतही, मामाजींच्या छातीवर.

लॅरी हर्ड ड्रमर होता. माझी त्याच्याशी जवळीक इथंच जुळली. बँडमध्ये ड्रमरनं ठेका धरायचा, चाल सुचवायची नाही, हे त्याला पटेना. तो बाहेर पडला, एक सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेतलं आणि घरी एकटाच बसला. त्यातून १९८६ मध्ये ‘कॅन यू फील इट’ आलं. ९०९ चा ठेका, रोलँडच्या ज्युनो-६० या सिंथेसायझरवरचा खालचा सूर, आणि वर पसरलेल्या, जॅझच्या वळणाच्या कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर. मिनिटाला साधारण १२० ठोके, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. बस, एवढंच. ज्याला पुढं डीप हाउस म्हणू लागले त्याचा पाया म्हणून आजही याच गाण्याचं नाव घेतात. ड्रमरनं ठेका यंत्राच्या हवाली केला आणि स्वतः ऑर्गनवर जाऊन बसला. भाऊजी आणि मी, दोन्ही एकाच माणसात! बरं, ते जाऊ द्या…

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे. मान्यवरांना गाडी गाठायची आहे.’ मान्यवर, तुमची गाडी माझ्या मेव्हण्याची आहे, तो माझ्याशिवाय निघत नाही. पण ठीक आहे, आता अल्बमवर येतो, जे बोलायला मला बोलावलं होतं.

२०१८ च्या अल्बमचं नाव ‘सेरेब्रल हेमिस्फिअर्स’. हर्डनं तो ॲलिव्हिएटेड या आपल्याच कंपनीकडून काढला. त्याच्या दोन वर्षं आधी चार गाण्यांची एक तबकडी काढून त्यानं दार किलकिलं करून पाहिलं होतं. मधल्या २४ वर्षांत तो गप्प होता असं नाही. स्वतःच्या खऱ्या नावानं त्याचे अल्बम येत राहिले, शिकागो सोडून तो मेम्फिसला गेला. पण मिस्टर फिंगर्स हे नाव, ज्यावर लोक उड्या मारत आले असते, ते त्यानं तेवढा काळ बाजूला ठेवलं. आपल्याकडं एका हिट नाटकावर कंपनीवाले दहा वर्षं भाग दोन, भाग तीन काढतात. दोघांना शेजारी ठेवून पाहा.

अल्बम तीन तबकड्यांचा आहे. का, ते साउंडवाला म्हणून मला सांगितलंच पाहिजे. तबकडीवर खालचा सूर कोरायचा तर खाच रुंद लागते. जास्त मिनिटं कोंबली की खाचा एकमेकींना चिकटतात, मग बेस तरी कापावा लागतो नाही तर आवाज तरी. मोठा अल्बम नीट काढायचा तर तबकड्या वाढवा. म्हणजे ज्याला खरा बेस पाहिजे तो जागा वाढवते, आवाज नाही. हे मला मामाजींना समजावून सांगता आलं असतं तर माझे चार ड्रायव्हर वाचले असते.

आत काय आहे? सगळं नाचायचं नाही. पहिलंच गाणं ‘फुल मून’, सावकाश, कोजागिरीला दूध आटताना लावावं असं. पुढं शहरातल्या रात्रीची गाणी आहेत, जॅझकडं झुकणारी आहेत, आणि ‘इनर ॲसिड’ व ‘आउटर ॲसिड’ अशी दोन. ॲसिड म्हणजे रोलँडच्याच टीबी-३०३ या यंत्राच्या पिळवटलेल्या, कुरकुरणाऱ्या बेसवरून पडलेली शैली. शिकागोत ती १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या तबकडीमुळं गाजली. पण मुंबईत चरणजित सिंग या सिनेमात वाजवणाऱ्या गृहस्थांनी १९८२ मध्येच ते ३०३ आणि रोलँडचंच ८०८ हे ड्रम मशीन घेऊन भैरव, मालकंस, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी परत निघाली आणि जग थक्क झालं. सत्तरीत ते युरोपात जाऊन वाजवून आले, २०१५ मध्ये गेले. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान होईल. ताई, पुढच्या वर्षी मला पहिल्या दिवशी ठेवा, तुडतुड्याच्या आधी.

हर्डकडं परत. २०१८ मध्ये लोक मोबाइलवर एक गाणं अर्धं ऐकून पुढं ढकलत होते, आणि मैदानी महोत्सवांत आधी आवाज चढवत नेऊन मग धाडकन बेस सोडायचा हीच मोठी कमाई होती. तेव्हा हा माणूस तीन तबकड्या घेऊन येतो, ज्याला एक अख्खी मोकळी संध्याकाळ लागते. कुठं धाडकन काही पडत नाही. मी तो रात्री बांधीवर पाणी सोडायला गेलो तेव्हा ऐकला, कारण आमच्याकडं शेतीची लाइन रात्रीच येते. साध्या हेडफोनवर, आवाज निम्म्याच्या खाली. एक झांज अशी आहे की ती येते हे कळत नाही, थांबली की कळते. ते ऐकायला पंप बंद करावा लागला.

तो परत आला तेव्हा लोकांनी स्वागत का केलं? माझं म्हणणं, कारण त्यानं ठेका सोडला नव्हता. तीस वर्षांपूर्वी जिथं ठेवला होता तिथंच तो होता. फरक वर झाला होता, सुरांत, रिकाम्या जागांत. आणि तो स्वतःचा मालक होता, त्याच्या गाडीपाशी येऊन ‘वाढव’ म्हणणारं कोणी नव्हतं. जुन्या गाण्यांचं मात्र तसं नव्हतं. ती ज्या कंपनीकडून निघाली होती तिच्यावर त्यानं आणि त्याचा गायक सोबती रॉबर्ट ओवेन्सनं २०२० मध्ये न मिळालेल्या पैशांसाठी दावा लावला, आणि २०२२ मध्ये समझोता होऊन गाण्यांचे हक्क परत आले. छत्तीस वर्षांनी! मी दीड हजारावर रडतो आहे. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, मिस्टर फिंगर्सचा पुढचा अल्बमही आला, ‘अराउंड द सन’चा पहिला भाग. या वेळी २४ वर्षं लावली नाहीत.

चिठ्ठ्या घेतो, दोनच.

पहिली : ‘आपण डीजे बंद करण्याच्या बाजूचे आहात काय?’ नाही. माझं पोट त्याच्यावर आहे. मी फक्त एवढं मागतो की आवाज दिवसाउजेडी, कोणी प्यायच्या आधी, एकदा ठरवावा. मग मिक्सरला मी कुलूप लावीन आणि किल्ली नवरीच्या आईजवळ देईन.

दुसरी : ‘यातलं एखादं गाणं पोरीच्या हळदीला वाजवता येईल का?’ ही चिठ्ठी बायकांच्या बाजूनं आली आहे, अक्षरावरून कळते. येईल ना. ते १९८६ चं गाणं वाजवू. मूळ गाण्यात शब्द नाहीत, जेमतेम सहा मिनिटांचं आहे, पण मी ते फिरवून फिरवून अर्धा तास चालवू शकतो. ठेका हलणार नाही. त्याच्यावर तुम्ही तुमची हळदीची गाणी म्हणायची, नवरीच्या आत्यानं सुरू करायचं, बाकीच्यांनी उचलायचं. जमते का ते मलाच पाहायचं आहे, कित्येक दिवसांपासून डोक्यात आहे. लग्न कधी आहे? वैशाखात? मंग आधी एक दिवस तालीम करू. बेस दोनच आणतो, आणि ऑक्टोपॅड माझ्याकडं अजून आहे.